अर्धा हार्डटॉप गळतोय? सिलिकॉनची नळी आधी खाली ठेवा

रोहिणीत पहिला वळीव पडला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचा माणूस नाव सांगायच्या आधी म्हणतो, "टप गळतोय." दुसरं वाक्यही ठरलेलं असतं, "सिलिकॉन मारलंय, तरी गळतोय."

मी कोल्हापूरचा. माझ्या एमएम ५४० या महिंद्राच्या जुन्या जीपवर अर्धा टप, म्हणजे अर्धा हार्डटॉप, मी दोनदा बांधला, आधी पत्र्याचा आणि मग फायबरचा. पत्र्याचा गळायचा. फायबरचाही गळला, फक्त वेगळ्या ठिकाणी. त्यानंतर मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या आणि एका पाहुण्याच्या गाडीवर हेच काम इतक्या वेळा केलं की आता फोनवर चार प्रश्न विचारले तरी पाणी कुठून येतंय याचा अंदाज बांधता येतो. तेच प्रश्न आणि तपासायचा क्रम इथे लिहून ठेवतो.

अर्धा टप म्हणजे पुढच्या दोन सीटवर पक्कं छप्पर, सीटच्या पाठीमागे काच बसवलेली उभी भिंत आणि मागचा हौदा उघडा. शेतावर वैरण न्यायची, ट्रॅकवर डबे-दोऱ्या टाकायच्या आणि तरीही गगनबावड्याच्या पावसात कोरडं बसायचं, असे सगळे लाड पुरवणारा हा प्रकार. कंपनीकडून असा टप सहसा मिळत नाही, म्हणून तो फॅब्रिकेटरकडून किंवा घरच्या अंगणात तयार होतो.

मुळात ही गाडी कापडी हूडसाठी आखलेली. पुढच्या काचेची चौकट बिजागऱ्यांवर उभी, बॉडी रबरी गुटख्यांवर, म्हणजे ठोकळ्यांवर, आणि खाली शिडीसारखी चॅसी. एक चाक खड्ड्यात गेलं की हे तिन्ही भाग आपापल्या दिशेने हलतात. कापड ते सहन करतं. आपण मात्र या तीन हलत्या भागांवर एक ताठ पेटी ठेवतो आणि ती गळू नये म्हणतो. त्यामुळे सांधा घट्ट चिकटवून गळती थांबत नाही. सांध्याला हलायला जागा द्यावी लागते आणि पाण्याला बाहेर जायला वाट. पुढची सगळी तपासणी याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी लक्षणं

पाणी दिसतं तिथून ते आत आलेलंच असतं असं नाही. पत्र्याच्या कडेने, पाइपच्या पोटातून, वायरिंगच्या अंगावरून ते दोन फूट चालत येतं आणि मग टपकतं. म्हणून थेंबाच्या जागेपेक्षा थेंबाची वेळ जास्त बोलते.

- गाडी उभी, पाऊस सरळ, आणि एकाच जागी टपटप: वर कुठेतरी भोक आहे. बोल्ट, रिव्हेट, कॅरियरचा पाय किंवा लाइटची वायर.
- उभी असताना कोरडी, पण ताशी पन्नास-साठच्या वर गेलं की काचेच्या वरच्या कडेने ओघळ: टप आणि काचेची चौकट यांच्यामधला सांधा.
- ब्रेक मारला की डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं पाणी: ही गळती ताजी नाही, साठलेली आहे. याबद्दल पुढे सविस्तर.
- वळणावर एकाच बाजूने मांडीवर धार: दारावरची पन्हळ भरून वाहतेय, किंवा पन्हळच नाही.
- टप कोरडा, बूट ओले: टपाला दोष देऊ नका. काचेच्या चौकटीखालचं रबर किंवा बिजागरीची भोकं बघा.
- मागच्या भिंतीच्या कडेने तुषार, उन्हाळ्यात धूळ: हवेचा ओढा.
- पाऊस नाही, पहाटे छताला आतून थेंब: बहुधा ही गळती नाहीच.
- दगडधोंड्यांच्या ट्रॅकवरून आल्यावर नवीनच जागी गळती: पीळ बसलाय, किंवा फायबरला तडा गेलाय.

गळतंय की घाम येतोय?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. पत्र्याचा टप रात्री गार होतो. आत दोघं झोपलेले, ओले रेनकोट लटकवलेले आणि काचा बंद. सगळी वाफ छताला चिकटते आणि पहाटे थेंब पडतात. दाजीपूरला मुक्काम केलेल्या एका मित्राने यापायी टपाचे सगळे बोल्ट काढून पुन्हा बसवले होते.

छत पुसून कोरडं करा. वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून छताला आतून चिकटवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी प्लास्टिकच्या तुमच्याकडच्या बाजूला ओल असेल तर तो घाम. प्लास्टिक आणि छताच्या मध्ये पाणी असेल तर ते वरून येतंय.

घामावर इलाज सोपा आहे. काच दोन बोटं उघडी ठेवा आणि छताला आतून बंद पेशींचा फोम लावा, एसीच्या पाइपवर चढवतात तसा. साधा स्पंज किंवा गालिच्याचं कापड लावू नका. ते पाणी पितं, धरून ठेवतं, आणि दोन पावसाळ्यांत त्याच्यामागचा पत्रा पापडासारखा होतो.

बागेची नळी आणि एक माणूस

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो. आतून गाडी कोरडी करा, सीटवर आणि पायाशी वर्तमानपत्रं पसरा. एक माणूस टॉर्च घेऊन आत, एक नळी घेऊन बाहेर. नळीला नोझल नको, आणि सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा तर मुळीच नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेला दोष दाखवतो.

सुरुवात खालून करायची. आधी काचेच्या चौकटीचा पाया, मग काचेभोवतीचं रबर, मग चौकटीची वरची कड, मग दारं, मागच्या भिंतीचा पाया, मागची काच आणि सर्वांत शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी पूर्ण पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं, सगळंच ओलं होतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. खालून वर गेलात तर ज्या टप्प्याला आतला माणूस ओरडेल, तोच सांधा.

आतल्या माणसाने संशयाच्या जागी खडूची पूड चोळून ठेवावी. पाणी त्यातून गेलं की वाट स्पष्ट उमटते. सगळं झाल्यावर हेच एकदा गाडी उतारावर तोंड खाली करून आणि एकदा तोंड वर करून बघा. सपाट जागेवर कोरडी राहिलेली गाडी उतारावर हमखास बोलते, आणि आपण चालवतो ते घाटातच.

बोल्ट

पाना आणि अर्धा तास. टप बसवला तेव्हाचे बोल्ट महिन्याभरात सैल होतात, कारण नवं रबर दबतं. पण आवळायची पद्धत आहे. सगळे थोडे सैल करा, टप जागेवर नीट बसू द्या, मग मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळा. एक टोक पूर्ण आवळून पुढे गेलात तर दुसऱ्या टोकाला फट राहतेच.

आणि जोर नको. रबर साधारण एक तृतीयांश दबलं की पुरे. पार चपटं केलं की त्याची उसळी संपते, मग बॉडी जराशी हलली तरी ते मागे येऊन फट भरत नाही. फायबरवर तर जास्त आवळल्याने बोल्टभोवती चिरा पडतात. मोठा वायसर घाला, आणि वरून बोल्ट येत असेल तर शेडच्या पत्र्याला वापरतात ते रबर लावलेले वायसर घाला. हार्डवेअरच्या दुकानात मूठभर घेतले तरी चहा-भज्यांपेक्षा स्वस्त पडतात. उभ्या गाडीतल्या टपटप गळतीपैकी निम्म्या तरी मी एवढ्यावर थांबवल्या आहेत.

कॅरियरचे पाय आणि लाइटच्या वायरींची भोकं याच वेळी बघून घ्या. वायर टपात शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर चढली पाहिजे, म्हणजे पाणी झोक्याच्या तळातून टपकतं. सरळ आत नेलेली वायर म्हणजे पाण्यासाठी घातलेला पूल.

तांब्याची गोष्ट

आता ते ब्रेकवालं प्रकरण. एका मित्राची थार, २०१० नंतरची जुन्या बांध्याची. अर्धा टप एका वर्कशॉपमधून करून आणलेला, दिसायला देखणा. तक्रार अशी की करूळ घाट उतरताना वैभववाडीच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक मारला की थेट कपाळावर पाणी. तोपर्यंत थेंब नाही, पाऊस थांबून तास झालेला असला तरी. त्याने तीन वेळा सिलिकॉन मारून घेतलं होतं. टपाची पुढची कड आतून-बाहेरून लग्नाच्या केकसारखी दिसत होती.

छताला हात लावून बघितला तर सगळं कोरडं. मग चौकटीच्या २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपवर पान्याने ठोकत गेलो. मधे टणटण, आणि खालच्या कोपऱ्यात आवाज एकदम बसका. तिथे खालच्या अंगाला ५ मिलिमीटरचं ड्रिल लावलं. पाइप फुटला आणि चहाच्या रंगाचं गंजकं पाणी धारेने बाहेर आलं. खाली धरलेला दुधाचा मग भरला, तरी ते थांबेना.

पाणी कॅरियरच्या बोल्टमधून पाइपच्या पोटात जात होतं. पाइपचं पुढचं टोक उघडंच सोडलेलं, फक्त आतल्या अस्तराने झाकलेलं. उतारावर ब्रेक लागला की पोटातलं सगळं पाणी पुढे धावायचं. सिलिकॉनने बाहेरच्या फटी बुजल्या आणि पाण्याची निघायची उरलीसुरली वाटही बंद झाली.

म्हणून ही तपासणी सगळ्यांसाठी: चौकट पाइपची असेल तर प्रत्येक पाइपच्या सर्वांत खालच्या जागी, गाडीच्या बाहेरच्या बाजूला निचऱ्याचं भोक आहे का बघा. नसेल तर पाडा. भोक पाडल्यावर कडेला रंग लावा आणि आत गंजरोधक तेल सोडा. वरची टोकं मात्र वेल्डने बंदच हवीत.

रबर

दहा रुपयांची नोट दारात किंवा सांध्यात धरून बंद करा आणि ओढा. अडखळत आली तर रबर धरतंय. सुळकन आली तर तिथे फट आहे. दर वीतभर अंतरावर हे करा. लांब सांध्यासाठी रबरावर खडू चोळा, दार लावा, उघडा: समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ जिथे तुटते तिथे पाणी.

रबर घ्यायचं ते पोकळ पोटाचं, गाड्यांच्या दारांना असतं ते ईपीडीएम. घराच्या खिडकीला लावायची पाठीला गोंद असलेली स्पंजची पट्टी लावू नका. पहिल्या उन्हाळ्यात तिचा चुरा होतो. कोपऱ्यात रबर वाकवून नेलं की आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि ती सुरकुतीच नळीचं काम करते. तिथे ४५ अंशात कापून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब देऊन जोडा. रबराची दोन टोकं जिथे भेटतात तो जोड नेहमी खालच्या कडेला ठेवा, वरच्या कधीच नको.

पाय ओले होण्याची तक्रार असेल तर काचेच्या चौकटीखालचं रबर बदला. बहुतेक वेळा ते गाडीइतकंच जुनं असतं.

पन्हळ आणि पागोळी

इथवर सगळं नीट असूनही गळत असेल तर दोष बांधणीत आहे. आणि याच ठिकाणी फॅब्रिकेटर सगळ्यात जास्त चुकतात, कारण त्यांनी पेटी बांधलेली असते, छप्पर बांधलेलं नसतं.

गावाकडच्या कौलारू घराकडे बघा. कौलं काही चिकटवलेली नसतात. एकावर एक ठेवलेली असतात, मध्ये बोटभर फटी असतात, तरी घर गळत नाही. उतार आहे, कौल खालच्या कौलावर चढलेलं आहे आणि शेवटी पागोळी भिंतीपासून दूर पडते. टपाला हेच तीन नियम.

उतार: छप्पर सपाट नको. मध्यापासून दोन्ही बाजूंना हलका फुगवटा आणि मागे थोडा उतार. फायबरचं सपाट छप्पर दोन उन्हाळ्यांत मध्ये बसतं आणि त्यात डबकं होतं. एक बादली पाणी ओतून दहा मिनिटांनी बघा, डबकं लगेच दिसतं. झालंच असेल तर आतून आडव्या दोन फासळ्या देऊन छत उचलून घ्यावं लागतं.

पागोळी: पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही, ते कडेला चिकटून आतल्या बाजूला वळतं. किटलीला तोटी नीट नसली की चहा जसा किटलीच्या पोटावरून ओघळतो, तसंच. म्हणून टपाची कड काटकोनात खाली वळलेली हवी, किमान १२ मिलिमीटर, आणि टोक धारदार. गोल, गुळगुळीत कड दिसायला छान, पण पाणी तिला धरून थेट रबरापर्यंत जातं. तयार टपाला हे नंतरही करता येतं: ॲल्युमिनियमची १२ बाय १२ मिलिमीटरची काटकोनी पट्टी कडेला लावली की झालं. दारांवर मात्र पूर्ण पन्हळ हवी, आणि ती पुढे-मागे दोन्हीकडे उघडी, म्हणजे वळणावर तुंबणार नाही.

आता काचेच्या वरचा सांधा, सगळ्यांत त्रासाचा. गाडी पळते तेव्हा काचेवरचं पाणी खाली जात नाही, वारा त्याला वर ढकलतो. म्हणजे इथे कौलाचा नियम उलटा होतो. टपाची पुढची कड चौकटीच्या पुढे येऊन खाली वळलेली असली, तरी थोडं पाणी वर चढणारच.

उपाय म्हणजे दोन रबरं आणि त्यांच्यामध्ये बोटभर रिकामी नाली. बाहेरचं रबर वाऱ्याचा जोर मोडतं. त्यातून आलेलं पाणी नालीत पडतं, जोर गेलेला असल्याने आतल्या रबराला ढकलू शकत नाही, आणि दोन्ही टोकांना बाहेर निघून जातं. ही नाली कोणी भरून टाकू नका! दोनदा असं झालंय: मी करून दिलेल्या गाडीत पुढच्या मेकॅनिकला ती फट दिसली आणि त्याने काळजीपोटी त्यात सिलिकॉन भरलं.

सिलिकॉनशी माझं वैर का, तेही सांगतो. बाजारात सहज मिळतं ते आंबट वासाचं. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच, आणि ते उघड्या पत्र्याला गंज आणतं. एकदा लागलं की त्यावर रंग धरत नाही, दुसरा सीलंट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर नीट बसत नाही. आणि पाण्याची खरी वाट झाकली जाते. न हलणाऱ्या, कायमच्या सांध्याला, उदाहरणार्थ भिंतीतल्या काचेला, पॉलियुरेथेनचा सीलंट लावा. हलणाऱ्या सांध्याला फक्त रबर.

मागची भिंत आणि धूर

चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. अर्ध्या टपात ही पोकळी थेट तुमच्या पाठीमागच्या भिंतीला लागून असते. हौद्यात उडणारं पाणी आणि धूळ त्यात घुमते आणि मिळेल त्या फटीतून केबिनमध्ये शिरते. सरकत्या काचेची खालची खाच बघा. तिला बाहेरच्या बाजूला निचऱ्याची भोकं नसतील तर ती कुंडी होते. भिंत आणि हौदा यांच्यामध्ये जाड बंद पेशींचा फोम घाला आणि पुढून हवा आत येण्याची झडप उघडी ठेवून चालवा. आत किंचित दाब राहिला तर मागचा ओढा कमी होतो.

पण याच वाटेने धूरही येतो. मागची काच उघडी ठेवून चालवताना केबिनमध्ये डिझेलच्या धुराचा वास आला, डोकं जड झालं, तर तिथेच थांबा आणि सगळ्या काचा उघडा. ही गळतीची तक्रार राहिली नाही. सायलेन्सरचा पाइप बॉडीच्या कडेच्या बाहेर निघालाय का, मध्ये कुठे फुटलाय का, हे गॅरेजमध्ये दाखवल्याशिवाय पुढे चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास कमी म्हणजे धोका कमी, असं धरू नका.

पीळ

सपाट मैदानावर पुढचं एक चाक वीतभर उंच, भक्कम ठोकळ्यावर चढवा, मग हँडब्रेक लावा आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅकवर नाही, आणि गाडीखाली कोणी जायचं नाही. आता टपाचे चारही कोपरे बघा. हॅक्सॉचं पातं सांध्यात सरकवत न्या. सपाटीवर न जाणारं पातं आता कुठे आत गेलं तर तिथे पीळ सांधा उघडतोय. दुसऱ्या चाकाने पुन्हा बघा.

असं होतं कारण टप सगळीकडून ताठ बांधलेला असतो. माझी पद्धत: मागची बाजू बॉडीला पक्की, पुढची बाजू चौकटीवर ओढून धरणाऱ्या दोन क्लॅम्पवर आणि जाड रबरावर. मधल्या बोल्टांची भोकं लांबट, खाली रबरी बुश. टप मग एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला तरंगता राहतो.

लांबट भोकांचं आणखी एक कारण, ऊन. लोखंडाची चौकट आणि फायबरचं छप्पर तापल्यावर सारखं वाढत नाही. मॅट-रेझिनचं (काचतंतूंची चटई आणि राळ) फायबर लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं. सव्वा मीटर लांबी आणि सकाळ-दुपारचा ४० अंशांचा फरक धरला तर लोखंड अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं, फायबर सव्वा ते दीड. काळा रंग दिलेला टप मे महिन्यात याहूनही जास्त तापतो. रोजची ही ओढाताण गोल, घट्ट भोकात झाली की भोकाच्या कडेला तडा जातो.

फायबरचे तडे

रात्री टपावर आतून टॉर्च धरा. नुसत्या वरच्या थराला पडलेल्या चांदणीसारख्या बारीक चिरा धोक्याच्या नाहीत, त्या भरून रंग देता येतो. उजेडात आरपार रेघ दिसली तर मात्र आतून मॅट घालावी लागते.

तड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार सेंटीमीटर घासून उतरतं करा, ॲसिटोनने पुसा, चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर द्या. एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. नुसती लांबी (पुटी) भरून रंग दिला तर पहिल्याच ट्रॅकला तडा परत येतो, लांबीला ताकद नसते. भर पावसाळ्यात दमट हवेत हे काम करू नका, रेझिन चिकट राहतं. मे महिन्यात करा.

हे काम पहिल्यांदाच करत असाल तर दोन गोष्टी. रेझिन घट्ट करणारा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घाला. आणि रेझिनला आधी कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं द्रावण) घालून ढवळून घ्या, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळलं तर भडका उडतो. बाटल्याही शेजारी ठेवू नका. हे वाचून मनात जरा जरी शंका आली असेल तर फायबरवाल्याकडेच जा.

इथे हात थांबवा

काचेच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. आत गेला तर चौकट सडली आहे. रबर बदलून उपयोग नाही, काच उतरवून पत्रा कापून जोडावा लागतो. काच काढणं घरी करू नका, जुनी काच कोपऱ्यावर जरा पिळली की गेली.

बॉडीचे गुटखे बसलेत, फ्लोअरला भोकं आहेत किंवा चॅसीवर रंगाखालून गंजाची सरळ रेघ दिसतेय: टपाचा विषय बंद, गाडी चॅसीचं काम करणाऱ्याकडे.

वेल्डिंग. विलिस या मूळ अमेरिकी जीपच्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या जीपमध्ये डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीच्या पायाला लागूनच. तिथे ठिणगी पाडायची नाही. सीआरडीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या गाडीत वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवावी लागते, नाहीतर ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) खर्च टपापेक्षा मोठा होतो. रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पाइपच्या सांगाड्याला) कापणं, भोक पाडणं, त्यावर टप लटकवणं हेही नाही. फायबरचा टप उलटलेल्या गाडीत कोणाला वाचवत नाही. ते काम केजचं.

पाणी फ्यूज बॉक्सवर पडत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. गळती नंतर.

आणि नवा टप करून घ्यायच्या विचारात असाल तर आरटीओत आधी विचारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल चालणार नाही असंच सांगितलंय. विमा कंपनीलाही लेखी कळवा. टप उत्तम बसलाय आणि क्लेम अडकलाय, ही गळती मला काढता येत नाही.

जाणकाराला बोलावताना एवढं सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचतो: पाणी कुठे दिसतं, गाडी उभी होती की चालती, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने, तोंड उताराकडे होतं की चढाकडे, आणि खडूच्या रेघेचा फोटो. आणि त्याच्याकडे जायच्या आदल्या रात्री "तात्पुरतं" म्हणून सिलिकॉन मारू नका. ते खरवडायचे तास वेगळे लागतात.